उजवा कौल

मी गोव्यात, डिचोलीच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवते. घर पेडण्यात, कोरगावला. घरात आई आणि मी. यहुदी धर्म पहिल्यांदा पाहिला तो मावशीच्या हरमलच्या खोल्यांत. तिथं भाड्यानं राहिलेली एक इस्रायली बाई शुक्रवारी दिवस मावळायच्या आधी दोन मेणबत्त्या लावायची आणि शनिवारभर मोबाईलला हात लावायची नाही. तिच्या त्या विसाव्याच्या शनिवारचा मला हेवा वाटला. मग वाचत गेले आणि तीन वर्षांनी कळलं, की नुसतं वाचून माझं भागणार नाही. मला त्या धर्मात जायचं होतं. त्यासाठी शिकवणारा, विश्वासाचा माणूस हवा होता.

पहिला हरमललाच भेटला. लांब दाढी, किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये वर्ग. म्हणाला, "दोन आठवडे ये, तुला यहुदी करून टाकतो." घरी कोण आहे, हे सगळं कशासाठी हवंय, काही विचारलं नाही. इतकी वर्षं शाळेत काढल्यावर एवढं कळतं, की पहिल्याच दिवशी पास करणारा मास्तर कामाचा नसतो. मी परत गेले नाही.

दुसरे रायगडकडचे, बेने इस्रायली म्हणजे कोकणातले मराठी यहुदी, निवृत्त शाळामास्तर. ओळखीच्या एका ग्रंथपालबाईंनी त्यांचा नंबर दिला. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. त्यांनी सरळ नकार दिला. "चांगलं वागायला यहुदी व्हावं लागत नाही, बाई. आहात तिथं बऱ्या आहात." दोन महिन्यांनी पुन्हा फोन केला, पुन्हा नाही. येणाऱ्याला आधी परतवायचं ही त्यांच्यातली जुनी रीत, हे वाचून माहीत होतं. तरी राग आलाच. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "धर्मात घेणारा मी कोण? ते रब्बींचं, धर्मगुरूंचं मंडळ ठरवेल, त्याला वर्षं लागतील. मी फक्त शिकवीन. पण आईला सांगितलंत का?"

सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा आई दारात बसून नारळ सोलत होती. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "कौल लावया."

आमच्याकडे स्कूटर घ्यायची तरी देवीला विचारतात. भिजवलेल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नको. आईनं गुरवाला "चेडवाच्या शिक्षणाचां काम आसा" एवढंच सांगितलं. त्याला वाटलं मी एम.एड. करतेय. त्यानं खणखणीत आवाजात देवीपुढं गाऱ्हाणं घातलं आणि उजवी पाकळी पडली. आईनं ती पाकळी पदराला बांधली. मी मात्र हरखून गेले आणि देवळाच्या पायरीवरूनच मास्तरांना फोन लावला.

"देवीनं उजवा दिला!" मी सांगितलं.

ते म्हणाले, "बाई, देवीची परवानगी घेऊन देवीला सोडता येत नाही. तुम्हाला अजून तिचा शब्द लागतो. त्यात वाईट काही नाही. पण वर्षभरानं बघू."

मी भयंकर चिडले. देवी हो म्हणते आणि हा म्हातारा नाही म्हणतो, असं आठवडाभर घरात बडबडत होते. हरमलवाल्याला सांगितलं असतं तर त्यानं टाळी दिली असती आणि कौलाचा फोटोही मागितला असता. हे मनात आलं आणि राग उतरला. एवढं तोंडावर सांगणारा माणूस मला दुसरा मिळाला नसता.

आईला नकाराचं कारण सांगितलं. "मास्तर खरो मनीस," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

वर्षभर आईबरोबर देवळात गेले, पण देवीला काही विचारलं नाही. जड गेलं. शाळेत बदलीची बोलणी चालली होती तेव्हा तर दोनदा गुरवासमोर तोंड उघडून मिटलं. वर्ष भरलं त्या रविवारी आईजवळ जाऊन बसले. मी काही बोलायच्या आधी तिनंच हात वर केला.

"माका विचारू नको," ती म्हणाली. "विचारलंस तर मी नाय म्हणतलंय."

मी विचारलं नाही. अंगणात आले, मास्तरांना फोन लावला आणि सांगितलं, "वर्ष झालं. या वेळी कुणालाच विचारलेलं नाही."