थांबलेल्या गाडीची तारीख

शिवलीला मुतालिक सोळा वर्षं बेंगळुरूच्या येलहंक्यात बायकांना गाडी चालवायला शिकवत होती. मूळची निपाणीकडची. लग्न होऊन बेंगळुरूला आली, नवरा लवकर गेला, आणि देवाप्पांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कारकून म्हणून लागलेली ही बाई दोन वर्षांत शिकवणीच्या गाडीत डाव्या सीटवर जाऊन बसली. तिथं तिच्या पायाशी जादा ब्रेक आणि जादा क्लच. घाबरणाऱ्या बायका तिलाच मागायच्या, कारण ती ओरडत नसे. "गाडी काय पळून जात न्हाई. श्वास घ्या आधी," एवढंच म्हणायची.

यंदा तिनं ठरवलं होतं की आता स्वतःचं स्कूल काढायचं. जागा बघून झाली होती, जुनी गाडी ठरली होती, परवान्याचा अर्ज भरायला घेतला होता. आणि नेमक्या त्याच आठवड्यात तो प्रकार घडला.

सकाळी साडेसातची वेळ. गाडी चालवत होती हर्षिता, महादेवपुऱ्याच्या एका कंपनीत काम करणारी, पुण्याहून आलेली मुलगी. तिचा अकरावा दिवस. रेल्वे स्टेशनकडून येणारी गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथं थोडा चढ आहे आणि कोपऱ्यावर लाल स्टॉप बोर्ड. हर्षितानं ब्रेक दाबला, पण क्लच फटकन सोडला. गाडीनं एक आचका दिला, वीतभर पुढं गेली आणि इंजिन बंद पडलं. दोघी तिथंच थांबल्या. शिवलीलानं तिला पुन्हा गिअर न्यूट्रलला घ्यायला लावलं, चावी फिरवायला लावली, मोठ्या रस्त्यावरची बस जाऊ दिली आणि मग गाडी पुढं काढायला सांगितली.

पलीकडे उभ्या असलेल्या हवालदारानं हात केला.

"स्टॉपला थांबला नाहीत," तो कन्नडमध्ये म्हणाला. मोबाइलवर फोटो होता. गाडीचं पुढचं चाक पुसट झालेल्या पांढऱ्या रेषेवर.

"थांबलो होतो की साहेब. इंजिन बंद पडलं होतं."

"शिकवणारे तुम्हीच ना? मग जबाबदारी तुमची. लायसन द्या. दंड भरा, नाहीतर कोर्टात सांगा."

तो पहाटेपासून धुळीत उभा होता, त्याला वाद घालायचा नव्हता. शिवलीलालाही नव्हता. तिनं एकच वाक्य म्हटलं, "कोर्टात सांगते." नोटीस तिच्या नावानं निघाली.

स्कूलवर पोचेपर्यंत हर्षिता रडकुंडीला आली होती. "मॅडम, चूक माझी आहे. मी ऑनलाइन भरून टाकते ना, पाच मिनिटांचं काम आहे. प्लीज."

देवाप्पांनीही तेच सांगितलं. "शिवलीलाक्का, कोर्टाच्या चकरा कोण मारणार? भरा आणि विसरा. सगळे भरतात."

"भरलं म्हणजे मान्य केलं," शिवलीला म्हणाली. "मी थांबले न्हाई असं मी सही करून कसं देऊ? माझ्या अर्जात विचारलंय, वाहतुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात का. तिथं 'हो' लिहू? आणि उद्या त्याच बोर्डापाशी दुसरीला काय शिकवू?"

देवाप्पा सुट्टी द्यायला कुरकुरले. शिवलीलानं सांगून टाकलं की कोर्टाच्या दिवशीचे क्लास ती आदल्या सकाळी सहाला घेईल. आणि घेतलेही.

वकील कुठून आणायचा हा प्रश्न होता. एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी उभंच राहीना. एकानं तर हसून सांगितलं, "अम्मा, यात केस कुठाय?" कोर्टाच्या आवारात तिसऱ्या फेरीत तिला एका दारावर पाटी दिसली, मोफत कायदेशीर मदत केंद्राची. खाली लिहिलं होतं की स्त्रियांना ही मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. ती आत गेली.

टेबलामागं पन्नाशीच्या वकील अहल्या राव बसल्या होत्या. नोटिशीवरचं नाव वाचून त्यांनी चष्मा वर केला. "घरी मराठी काय?"

"हो. निपाणीकडची."

"आम्हीपण मराठीच, पण तीनशे वर्षांपासून इथले. आमची मराठी ऐकून हसू नका. बसा अक्का, स्वल्प सावकाश सांगा."

शिवलीलानं सांगितलं. अहल्याबाईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी विचारलं, "चाक रेषेवर गेलं कसं? कोर्ट हे विचारणारच."

शिवलीलानं नोटिशीवरचा फोटो पुढं सरकवला. "माझा पाय ब्रेकवर पाहिजे होता. मी त्या वेळी डावीकडून येणारी रिक्षा बघत होते. वीतभर उशीर झाला."

"हे असंच सांगाल?"

"असंच सांगीन. गाडी रेषेवर गेली हे खरं. थांबली न्हाई हे खोटं."

अहल्याबाई हसल्या. "सरी, ठीक आहे. मग मी उभी राहते."

त्यांनी पहिलं काम केलं ते कोर्टातल्या कागदांची नक्कल मागण्याचं. दोन तारखा त्यातच गेल्या. नक्कल आली तेव्हा कळलं की हवालदारानं एक नाही, दोन फोटो काढले होते. नोटिशीवर पहिलाच छापला होता. अहल्याबाईंनी दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. शिवलीला वाकून बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली.

"बाई, हे बगा." तिनं बोट ठेवलं. "चाकाजवळ हा खड्डा. दुसऱ्या फोटोतपण चाक तिथंच हाय. आणि पहिल्यात ही बस अर्धी दिसतीय, दुसऱ्यात बस न्हाईच."

फोटोंच्या खाली वेळ छापली होती. दोन्हींत नऊ सेकंदांचं अंतर. बस निघून गेली होती आणि गाडी जागची हलली नव्हती.

"पण आत कोण काय करत होतं ते फोटो सांगत नाही," अहल्याबाई म्हणाल्या. "त्या मुलीला आणा."

हर्षितानं आधी टाळाटाळ केली. ऑफिसात महत्त्वाचं काम होतं, आणि भरल्या कोर्टात 'माझ्याकडून गाडी बंद पडली' असं सांगायची लाजही वाटत होती. शिवलीलानं आग्रह केला नाही. फोनवर इतकंच म्हणाली, "तू आलीस तर बरं होईल. न्हाई आलीस तरी मी जाणार हाय."

तारखेच्या दिवशी शिवलीला नऊलाच कोर्टात हजर होती. साडेदहाला हर्षिता धापा टाकत जिना चढून आली. "सॉरी मॅडम, कॅब मिळत नव्हती," म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली.

नाव पुकारलं गेलं. न्यायाधीश तरुण होत्या, समोर फायलींचा ढीग. "दंड भरून मोकळं व्हायचं नाही का?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

"नाही, मॅडम," शिवलीला कन्नडमध्ये म्हणाली. "मी थांबले होते."

अहल्याबाईंनी दोन्ही फोटो पुढं केले. खड्डा दाखवला, बस दाखवली, सेकंद दाखवले. हर्षिता उभी राहिली आणि हिंदीत इंजिन कसं बंद पडलं ते सांगितलं. मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं; तिचे कान लाल झाले, पण ती शेवटपर्यंत बोलली. साक्षीला आलेल्या हवालदाराला विचारलं तेव्हा तोही सरळ बोलला, "गाडी रेषेवर दिसली म्हणून लिहिलं. आधी किती वेळ थांबली होती ते मी पाहिलं नाही."

न्यायाधीशांनी फोटो पुन्हा हातात घेतले. मग शिवलीलाकडे पाहिलं. "चाक रेषेवर आहे. तुम्ही शिकवणाऱ्या आहात. ब्रेक तुमच्याही पायाशी असतो."

"होय, मॅडम. तिथं माझा पाय उशिरा पडला. ते मान्य आहे."

हवालदारानं वळून तिच्याकडे पाहिलं. इथं कोणी असं सरळ कबूल करत नसावं.

न थांबता गाडी नेल्याचा आरोप सिद्ध होत नाही, असं न्यायाधीशांनी लिहून घेतलं आणि शिवलीलाला सोडून दिलं. वरून दोन शब्दांत समजही दिली, चढावर शिकाऊ माणसाच्या हाती गाडी असताना पाय ब्रेकवरच ठेवण्याची. शिवलीलानं मान हलवली. ती समज तिला डाचली नाही. तिच्या मते ती रास्तच होती.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर ती खांबाला टेकून उभी राहिली. हर्षितानं पाण्याची बाटली पुढं केली. अहल्याबाईंच्या हातात तोवर पुढची फाइल आली होती. त्यांनी नुसता हात वर केला आणि त्या घाईनं आत गेल्या.

निकालाची नक्कल आठवड्यानं मिळाली. त्याच संध्याकाळी शिवलीला स्वयंपाकघरातल्या टेबलावर परवान्याचा अर्ज घेऊन बसली. 'दोषी ठरलात का' हा रकाना आला तेव्हा तिनं ठळक अक्षरात 'नाही' लिहिलं, नक्कल जोडली, आणि स्कूलचं नाव काय द्यायचं याचा विचार करत पुढचं पान उलटलं.