घरगाडीतली घंटा

तीस वर्षं मी नर्स होते. बारामती तालुक्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना मी भर ओपीडीत खणखणीत आवाजात विचारलंय, "आबा, लघवी साफ होते का?" कुणी लाजून मान खाली घातली की झापलंयही. आणि माझ्याच घरात काय? आमच्या ह्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, त्यानंतर दर अर्ध्या तासाला जावं लागायला लागलं, आणि हा माणूस दोन वर्षं माळेगावाबाहेर फारसा पडला नाही. लग्न नाही, बारसं नाही. कुणी बोलवायला आलं की म्हणायचे, "ऊन लई हाय." डिसेंबरात ऊन!

बरं, रस्त्याकडेला थांबायचं म्हटलं तर तेही नको. ह्यांची सगळी हयात साखर कारखान्याच्या गेटवर गेलेली. उसाचा प्रत्येक ट्रॅक्टरवाला ह्यांना ओळखतो आणि हात करतो. त्यामुळं कुठं जायचं ठरलंच, तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद. चहासुद्धा नाही. माझं डोकं फिरायचं. पण दवाखान्यातली माझी जीभ घरात लुळी पडायची.

त्यात रत्नागिरीला दिलेल्या लेकीला सातवा महिना लागला. तिनं फोनवर सांगितलं, "आबा आल्याशिवाय मी बारसं करणार नाही." हे म्हणाले, "तू जाऊन ये." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

त्याच आठवड्यात मला मोबाईलवर ती जाहिरात दिसली. बावड्याला एकाची छोटी कॅरव्हॅन विकायची होती. टेम्पोच्या सांगाड्यावर बांधलेली, दोन माणसांपुरती झोपायची जागा, ओटा, आणि आत संडास. आत संडास! मी खुर्चीतून उठले ती उभीच राहिले. दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणली आणि अभ्यासाला बसले. गाडीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण पेशंट तपासायची सवय होती. जुनी गाडी म्हणजे तरी काय, हिस्ट्री लपवणारा पेशंटच की!

ह्यांना खरं कारण सांगितलं नाही. "नुसतं बघून येऊ," एवढंच मी म्हटलं. बारामतीचा आमचा मिस्त्री, ज्याला आम्ही चाचा म्हणतो, त्याच्या जीपमधून निघालो. वाटेत दोनदा थांबलो, दोन्ही वेळा उसाच्या आड, आणि दोन्ही वेळा चाचानं न सांगता आरसा दुसरीकडं वळवला. भला माणूस.

बावड्यात गाडी दारातच उभी होती. पांढरी, गुटगुटीत. पण चाचानं आधी बॉनेटवर तळहात ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"पाव्हणं, इंजिन गरम करून ठिवलंय व्हय?"

"तुमी येणार म्हून जरा फिरवून आनली," मालक म्हणाला.

"थंड होऊ द्या. गार इंजिन कसं उठतंय ते बघायचंय मला."

मग काय, तासभर बसलो. चहा आला, ह्यांनी हात जोडून नको म्हटलं. मी वही काढली. टायरच्या नुसत्या नक्षीवर जाऊ नये, बाजूला चार आकडे असतात, त्यावरून कोणत्या वर्षाचा टायर ते कळतं, ते वाचले. आतली सतरंजी उचलून लाकडी तळ ठोकला, खिडकीखालची भिंत अंगठ्यानं दाबली. पाणी मुरलेलं असलं की भिंत मऊ लागते आणि ओल्या पोत्यासारखा वास येतो. वास नव्हता. कागदावर गाडीची नोंद साधा टेम्पो म्हणून आहे की कॅरव्हॅन म्हणून, तेही बघितलं. पाण्याची टाकी काठोकाठ भरायला लावली, कारण भरल्याशिवाय गळती कशी कळणार? चपला काढून पलंगावर आडवी झाले, पाय पुरतात का बघितलं. मालक हसला. "सिस्टर, पोरगी बघायला आल्यावानी बघताय की!"

"पोरीला प्रश्न तरी विचारता येतात," मी म्हटलं.

आणि मग मी तो छोटा दरवाजा उघडला, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

आत देवघर!

पांढरी शुभ्र फरशी, भिंतीवर स्वस्तिक, छताला टांगलेली पितळी घंटा. मी मालकाकडं बघितलं. तो ओशाळला. गाडी नवी घेतली तेव्हा त्याच्या आईनं दारातच उभी राहून सुनावलं होतं, "जितं शिजवायचं तितंच हागायचं? लाजा धरा मेल्यांनो!" म्हणून संडासाच्या भांड्यावर फळी टाकली, फळीवर देव बसवले, आणि सगळं घर तीन वर्षं देवदर्शन करत हिंडलं. आता आईच्याच्यानं चढवत नव्हतं, म्हणून गाडी विकायला काढलेली. मी फळी उचलली. खाली भांडं होतं, कोरं करकरीत, वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. मला नाचावंसं वाटलं. मी ते तिथल्या तिथं टराटरा फाडलं.

मागं वळले तर हे दारात. सगळं त्यांच्या लक्षात आलं होतं. कानाच्या पाळ्या लाल.

"ह्याच्यासाठी आनलंस व्हय मला?" ते हळू आवाजात म्हणाले. "देवाच्या जागेत मी जायाचो न्हाय. चल घरी."

असा संताप आला मला! दोन वर्षांत पहिल्यांदा दार उघडलं होतं, आणि आत घंटा टांगलेली. मी काही बोलणार तेवढ्यात चाचानं सांभाळून घेतलं. "तात्या, आलोच हाय तर इंदापूरच्या चौकापर्यंत चालवून बघू. लगेच माघारी." इंजिन गार झालं होतं, एका चावीत सुरू झालं. मालकानं गाडी हाकली, चाचा पुढं, आम्ही मागं. दोघंही दोन खिडक्यांकडं तोंड करून.

इंदापूर जवळ आलं आणि गाडी थांबली. पुढं उसाची ट्रॉली कलंडलेली. ऊस रस्त्यावर, मागंपुढं ट्रॅक्टरच ट्रॅक्टर, हलायला जागा नाही. पंधरा मिनिटं झाली. ह्यांचा गुडघा हलायला लागला. मला ती खूण पाठ आहे. पाच मिनिटांत कपाळावर घाम. बाहेर दोन्ही बाजूला ओळखीपाळखीचे ट्रॅक्टरवाले. आणि इतक्या वर्षांची माझी जीभ एकदाची सुटली.

"अहो, लघवीला लागलीय ना? मग सांगा की!"

मालकानं आरशात बघितलं. चाचा खिडकीबाहेरचा ऊस मोजायला लागला. मग मालक सावकाश म्हणाला, "तात्या, आईनं नारळ फोडून, हात जोडून देव घरी नेल्यात. आता ते नुसतं कपाट हाय. माझ्या वडलांलाबी हाच तरास हुता. आमी आईचं ऐकलं, आन् त्यांनी शेवटपर्यंत ह्या गाडीत पाय ठेवला न्हाय."

हे उठले. दारासमोर उभं राहून त्यांनी हात जोडले, "माफी असावी," म्हणाले, आत गेले आणि कडी लावली.

टण्ण!

डोकं आपटलं होतं घंटेला. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यानं आवाज ऐकला आणि बसल्या जागी कपाळाला हात लावून नमस्कार केला. मी तोंडात पदर कोंबला. चाचाचे खांदे गदगदत होते. मग पाण्याचा आवाज आला, आणि खरं सांगते, सगळ्या नोकरीत इतका गोड आवाज मी ऐकला नव्हता.

हे बाहेर आले. टाळू चोळत होते, आणि हसत होते. रस्ता मोकळा झाला, इंदापूरचा चौक आला, मालकानं वळायचा दिवा लावला.

"अगं, पाण्याची बाटली दे जरा," हे म्हणाले.

मी दिली. त्यांनी तोंडाला लावली आणि मान वर करून गटागटा सगळी रिकामी केली.

"वळवू नका," बाटलीचं झाकण लावत ते मालकाला म्हणाले. "सरळ घ्या."