घर सोडून जाणारी माणसं

माझे पती गेले त्याला दोन महिने झाले होते. त्यांनी तीस वर्षं ग्लासगोत अमेरिकन साहित्य शिकवलं, आणि जवळजवळ तितकीच वर्षं महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या घरी मराठी वाचनमंडळ भरत आलं. बायका एकेक पदार्थ आणायच्या, पुरुष बोलायचे. माझी नोकरी लायब्ररीत. पुस्तकं मीही कमी वाचली नव्हती. तरी मंडळातलं निम्मं बोलणं मी ओट्यापाशी उभी राहूनच ऐकलं.

त्या रविवारी मंडळींनी मला यांचा अपुरा लेख वाचायला सांगितला. मुलगी लंडनजवळच्या पिनरहून आली होती, मला कायमची आपल्या घरी न्यायला. मी अजून हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. तेवढाही जोर उरला नव्हता.

लेखाचा विषय नेहमीचाच. अमेरिकन पुस्तकातला माणूस स्वतंत्र व्हायचं ठरवतो तेव्हा घर सोडतो. नदीला लागतो, रानात शिरतो, रस्ता धरतो. घरदार सोडून आलेल्यांचा देश, म्हणून सोडून जाण्यातच त्याला आपली ओळख दिसते. पण त्याच देशात ज्यांना विकत घेऊन राबवलं, त्यांनाही स्वतंत्र व्हायला पळावंच लागलं. या दोन जाण्यांना एकच शब्द कसा पुरेल? इथे लेख थांबला होता.

वाचून झालं. मी सवयीनं चहा टाकायला उठले.

"वहिनी, बसा हो," यांचे जुने डॉक्टर मित्र म्हणाले. "आज वक्त्या तुम्ही. चहा मी करतो."

"तुम्ही?" त्यांची बायको म्हणाली. "आपल्या घरातली साखर सापडत नाही, इथली सापडणार आहे!"

सगळे हसले. मीही.

"पुढे काय लिहिलं असतं त्यानं?" डॉक्टरांनी विचारलं.

"माहीत नाही. त्या पुस्तकांत मागे राहिलेल्या बायकांचं काय होतं, हे मी त्यांना विचारायचे. तो वेगळा विषय आहे, म्हणायचे."

मंडळी गेल्यावर मुलगी माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, पिनरला तुला काहीच करायला नको. कुकिंग नको, बिलं नकोत. यू विल बी फ्री."

तिचे डोळे खोल गेले होते. दर वीकेंडला इतक्या लांब येऊन तीही दमली होती.

"मी नाही येत गं," मी म्हणाले.

"मग मी तिकडे काळजी करत बसू?"

"थोडी कर. मीही तुझी करतेच."

"बाबांसारखीच हट्टी आहेस."

हट्ट नव्हता, धीरही नव्हता. मी थकले होते, आणि मला माझ्या घरात थकायचं होतं. तिनं ट्रेनची दोन तिकिटं आधीच काढून ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं. फोनवर त्यातलं एक रद्द करताना ती माझ्याकडे बघत नव्हती.