उपमर्द

नातवाचं जावळ होतं, भवानीनगरला, लेकीच्या सासरी. मी तेव्हा बायकांच्या राखीव जागेवर कोऱ्हाळ्याची सरपंच झाले होते, नि आमच्या मालकांना सगळा गाव 'उपसरपंच' म्हणून चिडवायचा. ते हसायचे... पण त्या दिवशी भाकरी एक कमीच जायची.

जावळाला पाव्हण्यांना फेटे बांधले, मालकांना बांधायचं राहून गेलं. गर्दीत झालं असेल. पण हा बाबा न जेवता उठला.

दुसऱ्या दिवशी व्याही स्वतः आले. हायस्कुलात मराठी शिकवायचे, सरळ माणूस. हात जोडून म्हणाले, "आबा, काल आमच्याकडून आपला उपमर्द झाला..."

पुढचं मालकांनी ऐकलंच नाही. "उपमर्द? म्हंजी मी अर्धा गडी व्हय? बायकू सरपंच झाली म्हणून?"

गुरुजी तोंड उघडायच्या आत मालकांनी त्यांच्या चपला उंबऱ्याबाहेर नेऊन सरळ करून ठेवल्या. चहा चुलीवर तसाच आटला.

तो शब्द निघाला की मालक उठून जायचे. लेक सांगून थकली, अण्णांच्या मनात तसं न्हवतं. मालक म्हणायचे, "तू सासऱ्याचीच बाजू घेणार." त्या घरात पुन्हा पाय टाकला नाही. गुरुजी वारले तेव्हा मालक मातीला गेले, लांब उभे राहिले, नि परस्पर माघारी आले.

पुढं एका सभेत एक मेंबर मधेच उठून गेला. ग्रामसेवक म्हणाले, "हा सभेचा उपमर्द आहे."

मी म्हणलं, "भाऊसाहेब, सभा काय गडी हाय का, उपमर्द व्हायला?"

सगळे हसले. ते म्हणाले, "अहो अक्का, उपमर्द म्हणजे अपमान. गड्याचा काय संबंध?"

मला पुढची सभा काही ऐकू आली नाही... घरी आले तर मालक गोठ्यात वैरण टाकत होते. सांगितलं. पेंढी हातातच राहिली.

"मग सरळ अपमान म्हणायचं की." पेंढी खाली टाकून म्हणाले, "म्हंजी गुरुजी माफी मागाय आलं हुतं?"

"व्हय."

दुसऱ्या दिवशी एसटीनं भवानीनगरला गेलो. विहीणबाईंनी ताट वाढलं. मालक जेवले. भिंतीवर गुरुजींचा फोटो होता, त्याच्याकडं पाठ करून बसले होते.

ज्याला सांगायचं तो माणूस घरात नव्हता. 'म्हंजी काय वो गुरुजी?' एवढं विचारायला कितीसा वेळ लागला असता...