धाकटीनं सुचवलेली बाई

लिही, माझ्या धाकट्या जावेबद्दल लिही. घरात, दुकानात, गल्लीत तिला सगळे धाकटीच म्हणतात. आता तिचे केस माझ्यापेक्षा पांढरे झाले, तरी धाकटी ती धाकटीच. भाऊजी गेल्यावर त्यांचं शिलाईचं दुकान तिनं चालवलं. एकच खोली, रस्त्याकडं दार, खिडकीशी मशीन आणि मशीनमागं माझी खुर्ची. मी हुक-बटणं लावते, तुरपाई करते. अक्षर मला एक येत नाही, पण सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते, हेही लिही.

धाकटीला वाचायचं वेड. सामान बांधून आलेला कागदसुद्धा ती हातानं सरळ करून वाचायची. मग माझ्या लेकानं, तुझ्या बापानं, तिला आपला जुना फोन दिला आणि त्यात तिला तो कट्टा सापडला. कट्टा म्हणजे बसायचा नव्हे. कुठकुठली माणसं तिथं आपापल्या गोष्टी रचून टाकतात, बहुतेक खोट्या नावानं, आणि बाकीचे वाचतात. धाकटी काम थांबवून मला मोठ्यानं वाचून दाखवायची. गिऱ्हाईक आलं तर त्यालाही थांबवायची. गोष्ट संपेपर्यंत माप नाही.

त्या कट्ट्यावर एक रीत होती. ज्याला कुणी वाचत नाही असा लिहिणारा शोधायचा आणि चार लोकांत त्याचं नाव घ्यायचं. नुसतं 'छान आहे' म्हणून चालत नसे, काय छान आहे ते उलगडून सांगावं लागे. यात धाकटीचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती म्हणायची, जाऊबाई, मोठ्यांच्या दारात गर्दी असतेच, कोपऱ्यात बसलेल्याला कोण विचारतो? भुतांच्या गोष्टी लिहिणारा एक रखवालदार तिनं असाच उजेडात आणला. इतके लोक त्याला वाचायला लागले, की पुढं तो धाकटीलाच ओळखेनासा झाला. मी म्हटलं, भूत परवडलं, ते निदान मागं तरी लागतं. ती हसली आणि दुसरा कुणी शोधायला लागली.

तशात तिला ती बाई सापडली. तिथलं तिचं नावच 'एक बाई' होतं. लहान लहान गोष्टी, आणि प्रत्येक गोष्टीतली बाई मध्येच उठून दाराची कडी लागलीय का ते बघायची. चहा टाकला की कडी बघ, केस विंचरता विंचरता कडी बघ. मी तिला कडीवाली म्हणायला लागले. गोष्टीत फार काही घडायचं नाही. पण ऐकता ऐकता माझा हात थांबायचा आणि मी आमच्या दाराकडं बघायची, ते उघडं असायचं.

धाकटीला ती इतकी आवडली की तिनं कडीवालीच्या सगळ्या गोष्टी पुन्हा पुन्हा वाचल्या. एके दिवशी मशीन थांबवून म्हणाली, "जाऊबाई, या सगळ्या गोष्टी एकाच खोलीतल्या आहेत."

शिवणारी बाई ती. आपण अख्खा कपडा बघतो, तिला आधी तुकडे दिसतात. एका गोष्टीत मागच्या बाजूला लोखंडी जिना होता, त्याची एक पायरी वाकलेली. दुसऱ्या गोष्टीत खिडकीखाली रिकाम्या बसगाड्या धुवायचे. तिसऱ्या गोष्टीत खालून किल्ल्या घासायचा आवाज यायचा, तो थांबला की गोष्टीतल्या बाईला भीती वाटायची. आणखी एकीत बाई हॉटेलच्या चादरींना इस्त्री करायची. कडीवालीनं एका गोष्टीत एकच तुकडा ठेवला होता, दोन कधी एकत्र आणले नव्हते. धाकटीनं ते सगळे घेतले, कडेला कड लावली आणि टीप मारून टाकली. रविवारी तिनं कट्ट्यावर लिहिलं, की ही बाई किती खरं लिहिते बघा, हे तुकडे जोडा म्हणजे अख्खी खोली उभी राहते. मला वाचून दाखवलं तेव्हा मीही मान डोलावली. सुरेख होतं ते.

आठवडाभरात कडीवालीकडं झुंबड उडाली. तिच्याकडून मात्र ना आभार, ना एक शब्द. धाकटी थोडी हिरमुसली. खाजगी निरोप धाडावा, तर त्या बाईनं ते दार बंदच ठेवलेलं होतं.

आणि मग कट्ट्यावर तो आला. अगदी सभ्य माणूस. धाकटीला ताई म्हणायचा. ताई, तुम्ही किती छान उलगडून सांगितलंत. ताई, चादरींची गोष्ट कोणती, मला सापडत नाहीये. हिनं लगेच काढून दिली. पुढं त्यानं विचारलं, ताई, जिना इमारतीच्या मागं आहे ना? हिनं सांगितलं, हो, मागंच. मग, ताई, बसगाड्या खिडकीतून समोर दिसतात की वाकून बघावं लागतं? धाकटी खूष. म्हणाली, असा बारकाईनं वाचणारा मिळायला भाग्य लागतं.

मला सुई टोचली. खरीच टोचली. बोट तोंडात धरून मी म्हटलं, "धाकटे, गोष्ट ऐकणारा माणूस पुढं काय झालं ते विचारतो. हा कुठं, कुठं, एवढंच विचारतोय."

ती म्हणाली, तुम्हाला ना, सगळ्यात काळंबेरं दिसतं. पण त्या दिवशी तिची टीप दोनदा वाकडी गेली आणि दोनदा उसवावी लागली.

त्यानंतर कडीवालीची एकच गोष्ट आली, अगदी छोटी. बाई खिडकीत उभी आहे. खाली बसगाड्या धुताहेत आणि पाण्याच्या फवाऱ्यात एक माणूस उभा आहे. भिजतोय, पण हलत नाही. वर बघून खिडक्या मोजतोय. गोष्ट तिथंच तुटली. आणि या गोष्टीत बाईनं कडी बघितली नव्हती.

धाकटीनं फोन मशीनवर पालथा ठेवला.  मग आपलं लिहिलेलं तिनं पुसून टाकलं. पण फोनवरचं पुसलेलं ते कसलं पुसलेलं, चार जणांनी ते आधीच पुढं धाडलं होतं. ती मला म्हणाली, चला. कुठं ते मी विचारलं नाही.

आम्हाला घर सापडलं, आणि किती पटकन सापडलं याचीच मला धडकी भरली. ती आपल्याच शहरातली असेल असंसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं. पण बसगाड्या धुवायच्या जागा असतात किती? पहिल्या ठिकाणी नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी कुंपणापलीकडं जुनी इमारत, मागं लोखंडी जिना, खाली किल्लीवाला. पायरी वाकलेली होती, माझा पाय तिच्यावर पडला आणि ती कण्हली.  शिवणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना जे तासाभरात सापडलं, ते शोधायला निघालेल्या माणसाला सापडायला किती वेळ लागणार?

किल्लीवाला वर बघून म्हणाला, तुम्हीपण तिच्या घरच्याच का? सकाळी तिचा नवरा येऊन गेला. भला माणूस. बायकोची किल्ली हरवली म्हणाला, मी वर जाऊन कुलपावरून नवी करून दिली. वर बसला बराच वेळ, मग एकटाच उतरला.

धाकटीनं विचारलं, "आणि ती?"

ती काल चादरींचं गाठोडं घेऊन उतरली, ती आलीच नाही, असं तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हती. तो आमच्याबरोबर वर आला. दार नुसतं लोटलेलं होतं. खोली आम्हाला इतकी ओळखीची, की मी न बघता खिडकीकडं वळले. खुंट्या रिकाम्या होत्या. कोपऱ्यात इस्त्री केलेल्या चादरींचा ढीग जागच्या जागी होता. म्हणजे गाठोड्यात चादरी नव्हत्याच, तिचे कपडे होते. मी देवाचं नाव घेतलं. सुटली म्हटलं.

धाकटी मात्र ढिगाशी उभी राहिली. वरची चादर तिनं उलगडली, मग खालची, मग त्याच्या खालची. मला म्हणाली, "इस्त्रीची रेघ एकीकडं आहे आणि घडी दुसरीकडं."

मी म्हटलं, काहीतरी शोधत असेल.

"शोधणारा माणूस घडी घालून ठेवत नाही, जाऊबाई. तो इथं बसून तिची वाट बघत होता. एकेक चादर उलगडायची, पुन्हा घडी घालायची."

किल्लीवाल्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली. नंतर आम्ही पोलिसात गेलो. तिथल्या साहेबानं बाईचं नाव विचारलं. धाकटी म्हणाली, एक बाई. तो म्हणाला, आजी, गोष्टीतल्या बाईची तक्रार मी कशी लिहून घेऊ? त्याचंही बरोबर होतं. आमच्याकडं एका वाकड्या पायरीपलीकडं होतं काय?

त्यानंतर धाकटीनं कट्ट्यावर कुणाचं नाव घेतलं नाही. लोक विचारायचे, ही म्हणायची डोळे दुखतात. पण वाचायची रोज, अगदी तळातलं, कुणी न उघडलेलं. आणि एका दुपारी वाचता वाचता ती पुन्हा पहिल्या ओळीवर गेली. नवीनच नाव, नवीनच गोष्ट, वाचणारं कुणी नाही. त्यात कडी नव्हती, जिना नव्हता, खोलीच नव्हती. एक बाई मोकळ्या मैदानात बसून जेवते, एवढंच. पण जेवता जेवता ती पाठ कुठल्या बाजूला करावी ते ठरवत राहते. धाकटी माझ्याकडं बघत राहिली, मीही तिच्याकडं. दोघींपैकी कुणीच नाव घेतलं नाही.

काय झालं बघ. ज्या बाईनं इतके दिवस कोपऱ्यातल्यांना हाताला धरून पुढं आणलं, ती आता रोज उठून बघायची, की या एकीला कुणी वाचलं तर नाही ना. कुणी वाचलेलं नसलं की हुश्श करून मशीनवर बसायची. गोष्टी तर पहिल्यापेक्षाही चांगल्या होत्या. तिला ते सांगायला जीभ नुसती शिवशिवायची. मी म्हणायची, गिळ.

आणि मग त्याचा निरोप आला. ताई, बऱ्याच दिवसांत काही सुचवलं नाहीत. ती लेखिका आता दुसऱ्या नावानं लिहीत असेल, नाही का? तिची लिहिण्याची ढब फक्त तुम्हालाच ओळखता येईल. मी वाट बघतो.

मी म्हटलं, उत्तरच देऊ नकोस. ती म्हणाली, नाही दिलं तर तो स्वतः वाचत बसेल, एकेक करून. चादरी उलगडल्या तसं. बसून राहायची त्याला सवय आहे.

दोन दिवस तिनं कुणाचा कपडा बेतला नाही. मग तिनं स्वतः एक गोष्ट लिहिली. जन्मात पहिल्यांदा, आणि नाव बदलून. मला वाचून दाखवली. बाई कडी बघते. खिडकीशी मशीन आहे. दाराचा निळा रंग खालून सोललाय. समोर सायकल दुरुस्तीवाला बसतो, त्याच्या पंपाचा आवाज येतो. मागून वाट नाही.

मी म्हटलं, "अगं, हे तर आपलं दुकान."

"दुसऱ्या कुणाच्या दारात कसं पाठवू त्याला?"

तुझ्या बापाला सांगावं म्हणून मी तिला किती विनवलं. सांगितलंही तिनं शेवटी. त्यानं दाराला आतून अडसर बसवून दिला, सायकलवाल्याच्या कानावर घातलं, आणि आता रोज दोनदा चक्कर मारून जातो. रविवारी धाकटीनं कट्ट्यावर लिहिलं. कुणी न वाचलेली एक लेखिका सापडलीय, हिचे तुकडे जोडून बघा. आधीसारखंच सुरेख लिहिलं. त्याचा निरोप लगेच आला. आभार मानले होते, ताई म्हणून. आणि विचारलं होतं, दार रस्त्याकडंच आहे ना?

तेव्हापासून आम्ही खुर्च्या फिरवल्यात. दोघीही दाराकडं तोंड करून बसतो. मोठी कातरी धाकटी हाताशी ठेवते, मी माझी सुई. कडीवाली तिकडं लिहितेय, अजून तिला कुणी वाचलेलं नाही. तेवढं बघून आमचा दिवस सुरू होतो.

काल एक जण पडदे शिवायचे म्हणून आला. शांत माणूस, बोलणं मऊ. कापड आणलं नव्हतं. त्यानं दाराच्या सोललेल्या रंगावरून बोट फिरवलं, मशीन बघितलं, आमच्या दोघींचे चेहरे बघितले, आणि जरासा गोंधळल्यासारखा झाला. आत तिसरी कुणी असावी तसा मागच्या भिंतीकडं बघत राहिला. समोर सायकलवाल्याचा पंप थांबला होता.

धाकटीनं मापाची पट्टी गळ्यातून काढली आणि विचारलं, "खिडकी कुठल्या बाजूला आहे, भाऊ?"

तो हसला. माप घेऊन येतो म्हणाला आणि गेला. आज दुकान नेहमीच्या वेळेला उघडलंय. मी इथं तुझ्याशी बोलत बसलेय, ती तिथं एकटी आहे. बास झालं आता, चप्पल दे माझी.