धुतलेल्या होडीतला यात्रेकरू

साऱ्या वाडीची गाऱ्हाणी एका होडीत भरून देवाकडे पोचवणारा माणूस मी एकच पाहिला: माझ्या वडिलांचा होडीतला जोडीदार. विजयदुर्गाजवळ वडील बुडाले तेव्हा मी नववीत होतो. आई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरू लागली. कधी पेजेबरोबर उरलासुरला बांगडा मिळे, कधी नुसती पेज. मला शाळेतून काढायचं ठरत होतं, तेव्हा हे काका अंगणात येऊन आईला म्हणाले, "वयनी, पोराक शिकय. देवाचा मी बगतंय."

काकांचं बघणं म्हणजे खाडीच्या वरच्या टोकाचं खारेपाटण. ऐंशी-पंच्याऐंशी सालचा तो काळ, तिकडे एस.टी. जात होती, पण एस.टी.ला भरती-ओहोटी कळत नाही म्हणून काकांना ती पसंत नव्हती. भरतीच्या पाण्यावर होडी घालून ते खाडीतून एकटेच वर जायचे. तिथे महादेव आहे, तसं जैनांचं जुनं देऊळही आहे. काका दोन्हीकडे जात. एक देव कामात असला तर दुसरा मोकळा सापडेल, हा त्यांचा हिशेब. आदल्या दिवसापासून मासळी बंद. शिवाय जैनांच्या देवाला वास खपायचा नाही म्हणून रिठ्याने होडी आतून घासायचे, वल्हीसुद्धा. आई म्हणायची, लग्नातही ह्या माणसाने स्वतःला एवढं घासलं नव्हतं. बरोबर मात्र कोणाला नेत नसत. "चार माणसां आपापली गाऱ्हाणी घेवन एका होडयेत बसली तर होडी कलंडता," म्हणायचे.

आमच्याकडे गाऱ्हाणं एकाने घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, अशी रीत. एकट्याला ते कोण म्हणणार? काका वाक्य संपवून हात जोडून तसेच थांबत. माझ्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षी जैनांच्या देवळात ते माझ्या परीक्षेचं मोठ्याने सांगून असेच थांबले, तेव्हा जपाला बसलेल्या म्हातारीने डोळे उघडून विचारलं, घरात कोण आजारी आहे का. पोराची परीक्षा आहे म्हटल्यावर म्हणाली, "होईल हो पास." काका परतले ते धक्क्याला लागायच्या आधीच सांगत सुटले, की आपले लोक नुसते व्हय म्हणतात, तिथे थेट निकाल सांगतात.

मी पास झालो. पाया पडायला मलाही न्या म्हणून हट्ट धरला आणि काकांनी पहिल्यांदाच होडीत माणूस घेतला. दोन्ही देवळांत माझं सांगून झालं. पण जैनांच्या देवासमोरून काका हलेनात. त्यांचा एकुलता एक मुलगा भांडून मुंबईला गेला होता; कित्येक वर्षांत त्याचं पत्र नव्हतं. वाडीत त्याचं नाव कोणी काढत नसे, आणि काका तर मुळीच नाही. कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात ते म्हणाले, "म्हाराजा, माज्या झिलाक घराची वाट दाखय."

आणि थांबले.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

त्यांनी वळून पाहिलं नाही. ओहोटीवर होडी सोडल्यावर म्हणाले, "ह्या वाडयेत सांगा नको हां, बाबू."

पुढे मला सावंतवाडीला नोकरी लागली. काका पुन्हा एकटेच जाऊ लागले, जमत होतं तोवर. त्यांचा मुलगा आला नाही. मी मात्र बी.ए. झालो होतो, आमच्या घरातला पहिला.