फवाऱ्याभोवतीचं आळं

माझ्या दूरच्या लेकरांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुमच्या बाबानं पुन्हा तो किस्सा सांगितला. आजी-आजोबा एक अख्खा उन्हाळा गवत कापायच्या हत्यारावरून भांडत बसले, असा. तुम्ही हसलात. आजोबाही हसले. त्यांचं हसू हल्ली एकाच बाजूनं येतं, ते तुम्हाला फोनवर दिसलं नसेल. मी हसले नाही. तुमचा बाबा हा किस्सा चुकीचा सांगतो, कारण तो तेव्हा इथं नव्हता, आणि अजून दोन-तीनदा सांगितला की तोच खरा होऊन बसेल. म्हणून दुपारची झोप सोडून मी लिहायला बसले आहे. भांडण हत्यारावरून नव्हतं. आजोबा पुन्हा चालतील की नाही, यावरून होतं.

उस्मानपुऱ्यातल्या आपल्या घरापुढचं लॉन तुम्हाला आठवत असेल. तुमचा बाबा एका सुट्टीत आला आणि आम्हाला न विचारता तिथं फवारे बसवून गेला. जमिनीत पुरलेले, वर नुसतं काळं झाकण, चहाच्या बशीपेक्षा लहान. बोअरची मोटर लावली की पाण्याच्या जोरानं मधला दांडा वर येतो, गोल फिरत पाणी उडवतो, मोटर बंद केली की गुपचूप खाली बसतो. बाबा त्याला स्प्रिंकलर म्हणायचा. आजोबांनी जन्मभर कालव्यांवर इंजिनिअरकी केली, ते तुषार म्हणायचे. माळी फवारा म्हणायचा. निदान नावावर तरी या तिघांचं एकमत व्हावं, असं मला फार वाटायचं.

आपलं लॉन म्हणजे साधी हरळी, गणपतीला वाहतो तीच. ती जमिनीला चिकटून धावते आणि जिथं ओल जास्त तिथं जास्त धावते. म्हणजे फवाऱ्याजवळच. पंधरवडाभर लक्ष दिलं नाही तर झाकण दिसेनासं होतं, दांडा अर्धाच वर येतो आणि सगळं पाणी एका जागी, बहुतेक वेळा आमच्या व्हरांड्यात, पडतं. ज्या शहरात नळाला पाणी कधी येईल याची वाट बघत माणसं म्हातारी होतात, तिथं व्हरांडा धुऊन काढणारा फवारा म्हणजे शेजाऱ्यांसमोर मान खाली घालायची वेळ. तेव्हा काम एवढंच, की झाकणाभोवती वीतभर जागा गवत काढून मोकळी ठेवायची आणि जमीन सपाट राहू द्यायची. एवढंच!

आमचा माळी फुलंब्रीहून एसटीनं आठवड्यातून दोनदा यायचा. अजूनही येतो. त्याच्याकडे खुरपं होतं आणि खुरपं हातात आलं की तो आळं करायचा. आंब्याला आळं, मोगऱ्याला आळं, तसं फवाऱ्यालाही आळं. गोल, देखणं, कुंभारानं फिरवल्यासारखं. मी कौतुकच केलं असतं. पण त्याच लॉनवर आजोबा चालत होते.

त्या वर्षी आजोबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डावा पाय जड झाला होता, तळव्याला काही कळत नव्हतं. व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीनं सांगितलं, रोज सकाळी अनवाणी गवतावर चालवा, पायाला जमीन आठवू द्या. आजोबा काठी टेकत निघायचे. मी हात धरायला गेले की म्हणायचे, "सोड. मी काय लग्नातली नवरी आहे?" महिनाभर चांगलं चाललं. मग एका सकाळी काठीचं रबरी टोक नेमकं आळ्यात गेलं आणि आजोबा धपकन खाली बसले. हाड मोडलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी खुर्ची फिरवायला लावली. व्हरांड्यात बसायचे, लॉनकडे पाठ करून, भिंतीकडे बघत. पाऊल गवतावर टाकेनात.

ती व्यायामवाली मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजी, फार दिवस बसून राहिले तर पाय चालणं विसरून जाईल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

तेव्हा मी ठरवलं की हे लॉन टेबलासारखं सपाट करायचं. मी शिस्तीतली बाई. अठ्ठेचाळीस साली पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा मी पाळण्यात होते. पुढं वडिलांनी हट्टानं मला इंग्रजी शाळेत घातलं, आणि तिथल्या बाईंनी शिकवलेली एक गोष्ट मी कधी सोडली नाही, की प्रत्येक कामाचं एक योग्य हत्यार असतं आणि प्रत्येक हत्याराला भिंतीवर स्वतःचा खिळा असतो. योग्य हत्यार सापडलं की प्रश्न सुटणार होता.

पहिल्यांदा माळ्याशी बोलले.

"अरे, हा खड्डा कशाला केलास?"

"खड्डा नाय बाई, आळं हाय."

"फवाऱ्याला आळं?"

"मग? पाणी नको का ऱ्हायला?"

"फवारा पाणी पीत नाही. पाणी देतो."

"देतो म्हणूनच तं म्हणतो. देणाऱ्याला आधी मिळाया पायजे."

मी मुरूम आणवला, सगळी आळी भरून ठोकून घेतली. पुढच्या खेपेला त्यानं मुरूम काढून कुंपणाशी नीट ढीग लावला आणि आळी पुन्हा केली. म्हणाला, मुरमानं मूळ जळतं. कुणाचं मूळ, असं मी विचारलं. त्यानं फवाऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि बराच विचार करून म्हणाला, "गवताचं." त्या दिवशी मी त्याला फवाऱ्यांपाशी खुरपं न्यायला बंदी केली, आळी मातीनं बुजवली आणि काम स्वतःच्या हातात घेतलं.

आधी नर्सरीतून गवत कापायची मोठी कात्री आणली. ती वरचं गवत झकास कापायची. जमिनीलगत पळणाऱ्या हरळीच्या दोऱ्यांना तिचं पातं पोचतच नव्हतं. मग विळा. विळा ज्वारीसाठी केलेला असतो, प्लास्टिकसाठी नव्हे. पहिल्याच झटक्याला त्यानं एका झाकणाचा कपचा उडवला. मग माझी शिवणाची कात्री. तिनं एका फवाऱ्याभोवती असं सुरेख कापलं की मी दोनदा उठून लांबून बघितलं. दुसऱ्या दिवशी मनगट सुजलं. आजोबा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "टेलरिंगचा क्लास काढ."

झटक्यानंतर त्यांचं बोलणं कमी झालं होतं, जीभ जड होती. पण टोमणे शाबूत राहिले होते.

"मग तुम्ही सांगा कशानं कापायचं ते."

"लेव्हल," ते म्हणाले.

"काय लेव्हल?"

"आधी लेव्हल बघ. मग काप."

"इकडं तोंड करून सांगा."

तोंड केलं नाही. खुर्ची मात्र जराशी तिरकी झाली होती. डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांना अर्धं लॉन दिसत असावं.

मग मी शहागंजात गेले. लोखंडी सामानाच्या एका जुन्या दुकानात टोपी घातलेले एक बुजुर्ग बसले होते.

"क्या काटना है, अम्मा?"

"घास."

"कित्ती?"

मी दोन हातांनी गोल करून दाखवला.

"इत्तीच? इत्ती घास के वास्ते बकरी बांधो ना."

दुकानातले सगळे हसले. मीही हसायला हवं होतं, पण उन्हातून रिक्षानं आले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर भिंतीकडं तोंड केलेली ती खुर्ची होती. बुजुर्गांना ते दिसलं असावं. त्यांनी हसणं आवरलं आणि एकेक वस्तू काढून माझ्यापुढं ठेवली. गवंड्याची थापी, चांभाराची रापी, सुताराची रुंद पटाशी. मी पटाशी घेतली. विचार असा होता की झाकणापासून वीतभरावर सरळ खाली काप घ्यायचा, आतलं गवत मुळासकट उचलायचं, माती तशीच ठेवायची. आणि ते जमलंही. ओल होती तोवर चार-पाच दिवस मी राणीसारखी फिरत होते.

मग ऊन कडक झालं. आपल्या अंगणात काळी माती आहे, हे मला आयुष्यभर माहीत होतं आणि त्याचा अर्थ त्या वैशाखात कळला. ती माती सुकली की आकसते. फवाऱ्याच्या प्लास्टिकला सोडून मागं सरते. मी इतक्या मेहनतीनं सपाट केलेल्या प्रत्येक गोलात झाकणाभोवती बोट जाईल अशी भेग पडली, फवारे कलले, आणि काठीचं टोक अडकायला पूर्वीपेक्षा जास्त जागा झाल्या. आणि आळी तर मी केलीच नव्हती! कुणावर ओरडायचं ते कळेना, म्हणून माळ्यावर ओरडले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "आळं असतं तं भेग पडली नसती," म्हणाला.

आजोबा म्हणाले, "माती आहे ती. हत्यारानं काय होणार?"

खुर्ची आता पुरती लॉनकडे वळली होती. हे माझ्या लक्षात आलं नाही. मी रागात होते.

त्याच सुमाराला तुमच्या बाबानं तिकडून खास हत्यार पाठवलं. कुणीतरी विमानातून आणलं, आणि त्या बिचाऱ्याच्या बॅगेत बाकी काही मावलं नसणार. खाली करवतीसारख्या दातांची रुंद नळी, वर कमरेएवढा दांडा आणि त्याला आडवी मूठ. नळी फवाऱ्यावर बसवायची, मूठ धरून फिरवायची, गवताचा गोल कापला जातो, वाकायला लागत नाही. सोबतच्या चित्रात एक गोरी बाई हसत हसत फिरवत होती. तिच्या पायाखालची माती केकसारखी होती.

एका संध्याकाळी मी लॉनच्या मधला फवारा निवडून भोवती पाणी मुरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यार लावलं. वरची ओली माती कापत ते सरसर खाली गेलं, मला वाटलं, जिंकले. मग खालच्या चिकट मातीत बसलं आणि थांबलं. ना खाली, ना वर, ना फिरे. मी जोर लावला, लटकले, शेवटी गुडघ्यांवर बसून पटाशीनं त्याचे दात मोकळे करायला लागले. ऊन चढत होतं, घाम डोळ्यांत जात होता, आणि मी मराठीत आणि इंग्रजीत असं काय काय बोलले ते इथं लिहिणार नाही.

"अगं वाकडं! वाकडं गेलंय ते!"

मी मान वर केली नाही. "असू दे वाकडं!"

"लेव्हल बघितली नाहीस!"

"नाही बघितली!"

मग घासत येणारं एक पाऊल ऐकू आलं. मी वर बघितलं तर आजोबा लॉनवर होते. काठी खुर्चीलाच टांगलेली. अनवाणी, डावा पाय ओढत, एका भेगेवरून आणि एका बुजवलेल्या आळ्यावरून सरळ माझ्याकडे येत होते आणि त्यांचं सगळं लक्ष त्या दांड्यावर होतं. मी पटाशी तशीच मातीत दाबून धरली. बोलले असते तर त्यांना पाय आठवला असता. त्यांनी येऊन उजव्या हातानं मूठ पकडली, मान तिरकी करून दांड्याकडे बघितलं.

"हे आता निघत नाही," म्हणाले.

मग इकडंतिकडं बघितलं आणि आपण कुठं उभे आहोत हे त्यांना कळलं.

"अहो," मी म्हणाले, "मला उठता येत नाहीये. गुडघे धरलेत."

"मला सोडता येत नाहीये," ते म्हणाले.

असे आम्ही दोघं लॉनच्या मधोमध, एक बसलेलं आणि एक उभं. हाक मारायला जवळ कुणी नव्हतं. समोरच्या बाईंनी गॅलरीतून हात हलवला, त्यांना वाटलं आम्ही बागकाम करतोय. मीही हात हलवला. दुसरं काय करणार! शेवटी एसटीतून उतरून माळी आला, फाटकातच थांबला.

"साहेब, देव बसवल्यावानी हुबं ऱ्हायलाव की!"

"आधी बाईंना उठव," आजोबा म्हणाले.

त्यानं मला उठवलं, मग आजोबांना धरायला हात पुढं केला. आजोबांनी त्यालाही तेच सांगितलं जे मला सांगायचे, नवरीचं. पण परत जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी आत जाऊन पाणी प्यायले, रडले, तोंड धुतलं. बाहेर आले तर माळ्यानं त्या रुतलेल्या हत्याराभोवती सुबक आळं करून ठेवलं होतं. मी कपाळाला हात लावला. आजोबा म्हणाले, "असू दे. पण मुरूम भर त्यात."

तर तुमच्या बाबाला सांगा, हत्यार कोणतं बरोबर ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही. मी अजूनही त्याच्यावर चिडलेली आहे, मातीवर चिडलेली आहे, आणि त्या चित्रातल्या बाईवर सगळ्यात जास्त. फवारे एकेक करून बंद पडले. लॉनला आता माळी रबरी पाइपनं पाणी घालतो, आळी मी भरते, तो उकरतो.

ते हत्यार अजून लॉनच्या मधोमध रुतलेलं आहे, जरा कललेलं, मूठ गंजलेली. आजोबा रोज सकाळी तिथपर्यंत चालत जातात, मूठ धरून दम घेतात आणि परत येतात.